मेलेलं पान, ओलं इंधन आणि ‘कचरा’ : एका शोधनिबंधाचं वाचन

(जरीपटका, नागपूर येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. तेव्हा वनस्पतींपासून केलेला कार्बन आणि वीज साठवायची साधनं, या विषयावर बोलायला आम्ही उभे राहिलो याचं काहींना नवल वाटलं असेल. खुलासा आधीच करून टाकतो. आम्ही रसायनशास्त्र शिकवणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला २०१३ सालचा एक शोधनिबंध आहे, त्याचं आम्ही परीक्षण करणार आहोत. कादंबरीचं करतात तसं. शोधनिबंध हाही शेवटी एक लेखनप्रकारच आहे. त्याला शीर्षक असतं, नायक असतो, युक्तिवाद असतो, काय सांगायचं आणि काय गाळायचं याची निवड असते. कवितेला समीक्षक मिळतात, यांना मिळत नाहीत. त्यांना मिळतात ते तपासनीस. तपासनीस आकडे बघतो, शब्द बघत नाही.

निबंधाचे लेखक मंदाकिनी बिस्वाल, अभिक बॅनर्जी, मीनल देव आणि सतीशचंद्र ओगले. ‘एनर्जी अँड एन्व्हायर्नमेंटल सायन्स’ या नियतकालिकात तो आला. शीर्षकाचा मराठी अर्थ साधारण असा : मेलेल्या पानांपासून जास्त ऊर्जा धरणाऱ्या सुपरकपॅसिटरपर्यंत. पानं कडुलिंबाची. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात अंगणभर पडतात तीच.

सुपरकपॅसिटर म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. बॅटरीत वीज साठते ती पदार्थांच्या रासायनिक बदलातून, आणि म्हणून तिला भरायला वेळ लागतो. सुपरकपॅसिटरमध्ये विद्युतभारित कण, म्हणजे आयन, कार्बनच्या पृष्ठभागावर येऊन नुसते दाटीने उभे राहतात आणि वीज वापरली की निघून जातात; त्यामुळे तो सेकंदांत भरतो, सेकंदांत रिकामा होतो आणि लाखो वेळा हे करू शकतो. वेळ ही किरकोळ गोष्ट नाही, बरं का. आपल्या नागपुरात २०१७ साली विजेवरच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा चालकांची मोठी तक्रार चार्जिंगच्या रांगेचीच होती. रांगेत उभी गाडी कमवत नाही, हे इथल्या व्यापारी मंडळींना आम्ही काय सांगावं!

तर आयनांना उभं राहायला जागा हवी. या निबंधातल्या कार्बनला ती किती आहे? एका ग्रॅमला सुमारे १२३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातेरा हजार चौरस फूट. दीड हजार फुटांचे जवळजवळ नऊ प्लॉट, चिमूटभर काळ्या भुकटीत. ही सगळी जागा अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींची.

ही छिद्रं पाडणं हीच एरवी मेहनतीची गोष्ट. लाकूड, करवंटी, जे काही असेल ते आधी हवेवाचून तापवून कोळसा करायचा. मग तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या क्षाराबरोबर नाही तर वाफेत पुन्हा तापवायचा. या दुसऱ्या पायरीला सक्रियण म्हणतात. निबंधकर्त्यांनी ती पायरी गाळली. वाळलेल्या पानांची पूड केली, एकदाच भट्टीत घातली, काम झालं. त्यांचं म्हणणं असं की सक्रियण पानातल्याच घटकांनी केलं, त्यातल्या मऊ सेंद्रिय द्रव्यांनी आणि धातूंच्या क्षारांनी. थोडक्यात, झाडाने आधीच मसाला भरून ठेवला होता.

आमच्या मते निबंधाचं खरं सौंदर्य इथे आहे. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगू. या मंडळींनी तुलना केल्या. कडुलिंबाशेजारी अशोकाचं पान ठेवून पाहिलं, मेलेल्या पानाशेजारी हिरवं, पूड केलेल्याशेजारी अख्खं. पुष्कळ निबंधांत एकच वस्तू असते आणि तिची आरती असते. इथे शंका घेतलेली आहे. शंका घेणाऱ्याशी वाद घालायला बरं वाटतं.

पूड की अख्खं पान, हा प्रश्न वाचला तेव्हा आम्ही खुर्चीत सरळ होऊन बसलो. हा आमच्या घरातला जुना वाद आहे. कच्चं मडकं आव्यात घातलं की लाल होतं. ते कसं होतं? वैशेषिक म्हणतात, आगीत मडकं अणूंपर्यंत सुटं होतं, अणू लाल होतात आणि पुन्हा जुळतात. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणतात, असं काही नाही, मडकं मडकंच राहतं आणि अख्खंच्या अख्खं भाजतं. हा पिठरपाक. शतकानुशतकं भांडले हो! आता कोळशाकडे बघा. लाकडी कोळशाचा तुकडा भिंगाखाली धरला तर लाकडाच्या पेशींची जाळी जागच्या जागी दिसते. तिथे नैयायिक जिंकला. त्याहून खाली, रेणूंच्या पातळीवर उतरलं तर सेल्युलोजचे बंध तुटलेले आणि कार्बनच्या चकत्या नव्याने जुळलेल्या. तिथे वैशेषिक जिंकला. ‘निसर्गाची रचना आम्ही वापरली’ असं ज्या निबंधात म्हटलेलं असतं, तिथे विचारायचं, कुठल्या पातळीवरची रचना? पानाची पूडच केली तर शिरांची नक्षी फारशी कामाला येत नसणार. कामाला येतो तो पानात भरलेला क्षार.

आता आक्षेपाकडे वळू.

निबंधाच्या सारांशातच दोन विधानं जवळजवळ आहेत. एक असं, की ही पद्धत सार्वत्रिक आहे, बहुतेक कुठल्याही मेलेल्या पानाला लागू पडेल. दुसरं असं, की कडुलिंब आणि अशोक यांची तुलना केल्यावर मूळ वनस्पतीची घडण किती महत्त्वाची आहे हे कळतं. मंडळी, ही दोन विधानं एका घरात सुखाने नांदू शकत नाहीत. घडण महत्त्वाची असेल तर पद्धत सार्वत्रिक नाही. कोळसा कुठल्याही पानाचा होईल, ते खरं. पण शीर्षकात कोळसा नाही, जास्त ऊर्जा धरणारा सुपरकपॅसिटर आहे.

न्यायशास्त्रात याला नेमका शब्द आहे, उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान पक्कं. उलट केलं, जिथे अग्नी तिथे धूर, की ते लंगडं पडतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो इंधन ओलं असेल तेव्हा. ते ओलं इंधन ही इथली उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट. बोलणारा अट गिळतो आणि नियम मात्र मोठ्याने सांगतो. ‘जिथे पान तिथे उत्तम कार्बन’ या वाक्यातलं ओलं इंधन म्हणजे पानातले क्षार. निबंधकर्त्यांनी ते स्वतः शोधून काढलं, याचं श्रेय त्यांचंच. आणि शीर्षकाच्या दारात येताना ते बाहेर ठेवलं.

‘मेलेलं’ या विशेषणातही एक उपाधी लपलेली आहे. पान गळण्याआधी झाड त्यातला नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम बऱ्याच प्रमाणात परत ओढून घेतं. कॅल्शियम ओढता येत नाही, ते पानातच राहतं. म्हणजे गळलेलं पान हे हिरव्या पानाचं नुसतं वाळलेलं रूप नाही, त्याचा हिशेबच वेगळा. झाड काटकसरी आहे. उपयोगाचं होतं ते त्याने आधीच काढून घेतलंय.

आता आकडा. शीर्षकातल्या ‘जास्त ऊर्जा’ला आधार आहे तो किलोमागे ५५ वॉट-तासांचा. बाजारातला सुपरकपॅसिटर पाचेक वॉट-तास धरतो, लिथियम-आयन सेल दीडशे ते अडीचशे. तेव्हा ५५ हा मोठाच. तो आला कसा? ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याच्या निम्मं. निबंधात पाण्यातल्या गंधकाम्लात धारिता ग्रॅममागे ४०० फॅरड आहे. व्होल्टेज १ धरा. निम्मे २०० ज्यूल. वॉट-तासात आणायला ३.६ ने भागा, किलोमागे ५५ आणि थोडं वर. जुळलं. पण हे एकाच इलेक्ट्रोडच्या कार्बनचं वजन झालं. उपकरणात दोन लागतात. एकामागे एक जोडले की धारिता निम्मी होते आणि वजन दुप्पट. ग्रॅममागची धारिता चौथाईवर येते, तिच्याबरोबर ऊर्जाही. म्हणजे १४ च्या आसपास. त्यात द्रव, पत्रा, डबी यांचं वजन अजून धरलेलं नाही. खोटं कोणीच बोललेलं नाही. या क्षेत्रात असे हिशेब सर्रास मांडतात, फक्त वाचणाऱ्याला किलो कशाचा ते कळत नाही. बाजारात तुम्ही काजू विचारलेत आणि दुकानदाराने टरफल सोडून, डबा सोडून, गाडीभाडं सोडून भाव सांगितला, तर तुम्ही दुसरा प्रश्न विचाराल की नाही? (हशा)

गंमत म्हणजे निबंधातला कमी डौलाचा आकडा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. सेंद्रिय द्रवात हाच कार्बन ग्रॅममागे ८८ फॅरड देतो. चारशेपुढे अठ्ठ्याऐंशी म्हणजे पडलेला चेहराच. पण सेंद्रिय द्रवात व्होल्टेज चढवता येतो आणि तो वर्गात मोजला जातो. बाजारातले सेल २.७ व्होल्टवर चालतात. तेवढा व्होल्टेज या कार्बनला सोसला असं धरून वरचं गणित करा, चौथाई केल्यावरही २२ च्या आसपास येतो. पाण्यातल्या १४ पेक्षा जास्तच! शिवाय नारळाच्या करवंटीपासून केलेला, बाजारात वर्षानुवर्षं विकला जाणारा कार्बन अशा द्रवात शंभराच्या आगेमागे देतो. वेगळं सक्रियण न करता, अंगणातल्या पानांनी त्याच्या जवळ जावं, ही बातमी होती. ती ४०० च्या सावलीत गेली.

करवंटीचं नाव आलंच आहे तर थोडं थांबू. वनस्पतिजन्य कार्बन ही नवी गोष्ट नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेत लोकांना पीचच्या बिया आणि कवचं गोळा करून द्यायला सांगितलं होतं, विषारी वायूच्या मुखवट्यांत घालायच्या कोळशासाठी. सुपरकपॅसिटरच्या धंद्यातही करवंटी आधीपासून राणी आहे. कारण ती कठीण, राख कमी, आणि खोबऱ्याच्या धंद्यामुळे एका जागी ढिगाने मिळते. त्याचं फळ काय? करवंटी आता कचरा राहिली नाही. तिला भाव आहे, दलाल आहे, निर्यात आहे. आपल्या भंडारा-गोंदियाकडे धानाचं तूस बघा. एकेकाळी फेकायचे, आता राइस मिलचे बॉयलर त्यावर चालतात आणि फुकट कोणी देत नाही.

म्हणून आमचा मुख्य मुद्दा हा, की ‘कचरा’ हा पदार्थाचा गुण नाही. काळेपणा गुण आहे, कठीणपणा गुण आहे. कचरा हा संबंध आहे. कुणाच्या तरी दृष्टीने, कुठल्या तरी वेळी एखादी वस्तू कचरा असते. ही अट गिळली की नियम पुन्हा लंगडा पडतो, आणि या खेपेला लंगडेपण कागदावर राहत नाही. शेतात जातं.

विदर्भात हा शब्द सगळ्यात जास्त चिकटवतात तो पऱ्हाटीला. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती वाळलेली काडी. अहवालात तिला शेतीचा टाकाऊ अवशेष म्हणतात. आता गावात जा. घराच्या भिंतीला लागून पऱ्हाटीचा ढीग असतो, पावसाळाभर पुरेल असा रचलेला. ते सरपण आहे. बाईने डोक्यावरून वाहून आणलेलं. घरात सिलिंडर असला तरी भरून आणायला पैसे लागतात, पऱ्हाटीला लागत नाहीत. तुराटीचा कूड होतो, वर मातीचा लेप. अमुक इतका टाकाऊ माल उपलब्ध, असा हिशेब प्रयोगशाळेत मांडला जातो, तेव्हा हा ढीग आणि हा कूड कुठल्या रकान्यात जातो?

दुसरी बाजूही आहे, ती लपवायची नाही. पुष्कळ पऱ्हाटी धुऱ्यावर जाळून टाकतात. आणि ती शेतात उभी ठेवणं धोक्याचं असतं, कारण गुलाबी बोंडअळी तिच्यातल्या बोंडांत दडून राहते. फरदड घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाटी काढून टाका, हे आपल्याच नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेतले लोक सांगत आलेत. तेव्हा ती न्यायला कोणी आला, भाव दिला, तर शेतकऱ्याचं भलंच आहे. प्रश्न ‘भाव दिला’ या दोन शब्दांचा. ज्या वस्तूचं नावच कचरा, तिचा भाव विचारायचा नसतो. उलट नेणाराच उपकार करतो. नाव ठेवण्यातच सौदा अर्धा होऊन गेलेला असतो.

आणि क्षारांचं काय? निबंधाचा नायक म्हणून आपण ज्यांचं कौतुक केलं, ते कॅल्शियम-पोटॅशियम पानात कुठून आलं? मातीतून. पान गळून कुजलं असतं तर तिथेच परत गेलं असतं. अशा कार्बनला भट्टीनंतर सहसा आम्लाने धुतात, राख निघून जावी म्हणून. छिद्रं पाडून झाल्यावर नायक मोरीतून वाहून जातो. चिमूटभर भुकटीसाठी हे चालून जातं. शंभर किलो काडीतून वीस-तीस किलोच कोळसा हाती येतो, तेव्हा टनांचा कारखाना काढायचा तर काड्या किती लागतील आणि त्यांच्याबरोबर शेतातलं काय काय जाईल, याचा हिशेब धारितेच्या शेजारच्याच ओळीत हवा.

हा प्रश्न आता काल्पनिक नाही. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणेबरोबर केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट शिरत नाही, म्हणून अशा बॅटऱ्यांत ऋण बाजूला बहुधा ‘हार्ड कार्बन’ वापरतात, आणि तो वनस्पतींपासून चांगला होतो. मागणी येऊ शकते. फिनलंडच्या स्टोरा एन्सो कंपनीने झाडातल्या लिग्निनपासून असा कार्बन करायला घेतला आणि २०२२ साली स्वीडनच्या नॉर्थव्होल्टशी करार केला. नॉर्थव्होल्टनेच २०२५ मध्ये दिवाळं काढलं. जंगल जागेवर होतं, गिऱ्हाईक गेलं.

आमचे काही मित्र म्हणतात, प्रोफेसर, तुम्ही फार चिरफाड करता. वनस्पतिजन्य आहे ना, मग चांगलंच. त्यांना आम्ही गच्चीवर नेतो आणि उत्तरेला कोराडीच्या चिमण्या दाखवतो. तिथे जळतो तोही वनस्पतिजन्य कार्बनच. कामठी-सावनेरच्या खाणींतला कोळसा गोंडवन काळातल्या झाडांचा आहे. त्या थरांत ग्लोसोप्टेरिसच्या जिभेसारख्या पानांचे ठसे सापडतात, पंचवीस कोटी वर्षांहून जुने. मेलेली पानंच ती. ‘नैसर्गिक’ या शब्दाने काही सिद्ध होत नाही. जाळता की साठवता, किती वेगाने, कुणाच्या जागेवरून, हे सांगितल्यावर काही सिद्ध होऊ लागतं.

या प्रकारच्या बाकी निबंधांबद्दल थोडक्यातच बोलतो. संत्र्याची साल, केळीची साल, बांबू, जलपर्णी, सगळ्यांची पाळी येऊन गेली. वनस्पतीचं नाव बदलायचं, साचा तोच. त्यातले पुष्कळ वाचले नाहीत तरी चालतील. कडुलिंबाचा वाचावा, कारण त्यात ‘का’ विचारलेलं आहे. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शरण यांनी कापरापासून कार्बन करायला घेतला, तेही काम आम्हाला त्याच जातीचं वाटतं. कापूर जळताना राख उरत नाही हे आरती करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यातून प्रश्न काढणं वेगळं.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं : मग पऱ्हाटीपासून कार्बन करूच नये, असं तुमचं म्हणणं आहे का?)

छे, छे. करावा. आमचं म्हणणं एवढंच की निबंधाच्या पहिल्या पानावर चार गोष्टी याव्यात : कुठलं पान आणि त्यात राख किती, आकडा कुठल्या किलोवर काढला, धुतलेलं पाणी कुठे गेलं, आणि माल शेताच्या धुऱ्यावर काय भावाने घेतला. यातली शेवटची गोष्ट रसायनशास्त्रज्ञाला येत नसेल तर ज्याला येते त्याच्याकडे जावं. लांब जायला नको. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं नागपूरला केंद्र आहे. पऱ्हाटीच्या कांड्या आणि विटा करून इंधन म्हणून वापरण्याचं काम तिथे झालेलं आहे. काडी उपटायची कशी, कापायची कुठे, वाहून आणायची कशी, हे सगळं त्या कामात आधीच येतं. भट्टी पेटवायच्या आधी त्यांच्याकडे एक चक्कर मारून यावी.